चाल कोणाची? सी. रामचंद्र यांच्या कामातून समजून घेण्याचा एक प्रयत्न

मोबाइलवर चार ओळी टाइप केल्या की मिनिटाभरात चालीसकट, वाद्यांसकट आणि आवाजासकट गाणे हाती देणारी साधने आता कोणालाही वापरता येतात, आणि त्यामुळे एक जुना प्रश्न नव्या जोराने विचारला जाऊ लागला आहे. हे काम यंत्रालाही जमत असेल, तर संगीतकार नेमके काय करत होता? हा प्रश्न विचारणाऱ्यांना दोष देता येत नाही. चित्रपटात नट दिसतो, आवाज गायकाचा असतो, शब्द गीतकाराचे असतात, वाद्ये वादक वाजवतात आणि राग तर शेकडो वर्षांचे असतात. मग श्रेयनामावलीत ज्याचे नाव ‘संगीत’ या शब्दाखाली येते, त्याच्या वाट्याला उरते तरी काय, हे सामान्य श्रोत्याला सहसा कोणी समजावून सांगत नाही.

ते समजून घेण्यासाठी गोदावरीच्या काठावर जन्मलेल्या एका संगीतकाराचे उदाहरण मी निवडले आहे. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबा येथे झाला. चांगदेवांची समाधी असलेले हे गाव मागे टाकून गोदावरी पुढे आपल्या पैठणला येते. शंभराहून अधिक चित्रपटांना त्यांनी संगीत दिले, आणि संगीतकाराच्या कामाविषयीच्या बहुतेक शंकांची उत्तरे त्यांच्या गाण्यांत सापडतात.

चाल आणि संयोजन

सुरुवातीला दोनच शब्दांची ओळख पुरेशी आहे. चाल म्हणजे शब्दांना दिलेली स्वरांची आणि लयीची बांधणी. एखाद्या गाण्यातून वाद्ये काढून टाकली, गायकाचा आवाज काढून टाकला, शब्दही काढून टाकले आणि नुसते गुणगुणले, तर जे शिल्लक राहते ती चाल. नांदेड असो की बीड, वरातीच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला एकही शब्द न उच्चारता गाणे वाजवतो आणि रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसे ते ओळखतात, याचे कारण ओळखीची खूण चालीत असते. संयोजन म्हणजे ती चाल कोणत्या वाद्यांनी, कोणत्या क्रमाने आणि किती भरून किंवा मोकळी वाजवायची याची आखणी, आणि ती करणाऱ्याला चित्रपटसृष्टीत ‘अरेंजर’ म्हणतात.

चाल बांधताना संगीतकार अनेक बारीक निर्णय घेत असतो. ओळीतल्या कोणत्या अक्षरावर थांबायचे, तालाची सम (म्हणजे पहिली, मुख्य मात्रा) कोणत्या शब्दावर आणायची, गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा कुठे ठेवायची, मुखडा (म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ) किती सोपा ठेवायचा आणि अंतऱ्यात (म्हणजे त्यानंतरच्या कडव्यात) स्वर कुठपर्यंत चढवायचे, हे सारे त्याला ठरवावे लागते. ‘मी उद्या जाणार’ या साध्या वाक्यात जोर ‘मी’वर दिला तर एक अर्थ निघतो आणि ‘उद्या’वर दिला तर दुसरा. चाल तो जोर कायमचा ठरवून टाकते. त्यानंतर ते शब्द कोणीही गायले तरी त्याच अर्थाने गातो. त्यातच त्या काळी दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, त्यामुळे मैफलीत तासभर खुलवता येणारा भाव संगीतकाराला तेवढ्या अवधीत पोचवावा लागे.

पुणतांब्याहून मुंबईकडे

शास्त्रीय संगीताचे शिक्षण त्यांनी गांधर्व महाविद्यालयात पंडित विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे घेतले. चित्रपटात मात्र ते नट म्हणून आले. ‘नागानंद’ या बोलपटात त्यांनी नायकाची भूमिका केली होती. नट म्हणून जम बसला नाही. पुढे मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये ते संगीतकारांच्या हाताखाली हार्मोनियम वाजवू लागले, आणि माझ्या मते त्यांचे खरे शिक्षण तिथे झाले, कारण दुसऱ्याची चाल रोज गायकांना शिकवणाऱ्या पेटीवाल्याला ती कुठे अडखळते आणि कुठे आपोआप ओठांवर बसते हे सर्वांत आधी कळते. स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांनी पहिले काम तमिळ चित्रपटांसाठी केले, आणि १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासून नट-दिग्दर्शक मास्टर भगवान यांच्याशी त्यांचा दीर्घ सहवास सुरू झाला. गायक म्हणून ते ‘चितळकर’ या नावाने गात. १९४९ च्या ‘पतंगा’मधील ‘मेरे पिया गए रंगून’ या गाण्यात शमशाद बेगम यांच्यासोबतचा पुरुषी आवाज त्यांचाच आहे. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

राग तर आधीपासूनच होते, मग त्यांनी नवे काय केले?

ही शंका शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांकडून हमखास येते आणि ती सविस्तर उत्तराच्या योग्यतेची आहे. १९५३ च्या ‘अनारकली’तील दोन गाणी शेजारी ठेवून पाहू. ‘ये जिंदगी उसी की है’ हे लता मंगेशकरांचे गाणे भीमपलासीवर आधारलेले आहे, आणि हेमंतकुमार व लता यांचे ‘जाग दर्द-ए-इश्क जाग’ बागेश्रीवर. हे दोन्ही राग काफी थाटातले, म्हणजे एकाच स्वरसंचाच्या गटातले, असून दोहोंत गंधार आणि निषाद (ग आणि नी) कोमल, म्हणजे थोडे उतरलेले, असतात. पेटीवर नुसत्या पट्ट्या मोजल्या तर दोन्ही गाण्यांत जवळपास त्याच पट्ट्या वापरल्या जातात.

तरीही कानाला ती गाणी दोन वेगळ्या घरची वाटतात, कारण रागाची ओळख स्वरांच्या यादीवरून होत नाही. कोणत्या स्वरावर मुक्काम करायचा आणि कोणता स्वर ओझरता घ्यायचा यावरून होते. भीमपलासीत वर चढताना ऋषभ आणि धैवत (रे आणि ध) टाळतात आणि पंचमाला (प) मोठा मान असतो. बागेश्रीत पंचम अगदी थोडा लागतो, आणि मध्यम (म) व धैवत यांच्यातली ये-जा रागाला तिची रात्रीची आर्तता देते. रागाला शिवार मानले, तर चाल ही त्या शिवारातून पडलेली पायवाट होय. शिवाराच्या हद्दी साऱ्या गावाला ठाऊक असतात, पण कोणत्या बांधावरून वळून कोणत्या विहिरीपाशी थांबायचे हे पहिल्यांदा चालत जाणारा माणूस ठरवतो.

याचा पडताळा उलट बाजूनेही घेता येतो. १९५५ च्या ‘आझाद’मधील ‘राधा ना बोले’ हे गाणेही बागेश्रीतच बांधलेले आहे. राग तोच, संगीतकार तोच, गायिकाही तीच; पण ‘जाग दर्द-ए-इश्क’मधली जागरणाची वेदना इथे नाही, इथे रुसवा आहे आणि नाचाची लगबग आहे. रागच सगळे काम करत असता, तर ही दोन गाणी एकमेकांसारखी झाली असती.

‘ये जिंदगी उसी की है’ या गाण्यात आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. चित्रपटात ही चाल आधी प्रेमाच्या उत्कट आनंदात येते, आणि अखेरीस नायिकेच्या मृत्यूच्या प्रसंगी तीच परत येते. एकाच बांधणीने दोन्ही टोकांचे भाव पेलावेत यासाठी ती आरंभीच विचारपूर्वक बांधलेली असावी लागते. चाल आनंदाला फार घट्ट चिकटलेली असती तर मृत्यूच्या प्रसंगी ती खोटी वाटली असती. या एका चालीसाठी मी सी. रामचंद्रांना हिंदी चित्रपटसंगीतातल्या अगदी पहिल्या रांगेत बसवतो.

मराठवाड्यात या गाण्यांना जे प्रेम मिळाले, त्यामागे इथल्या इतिहासाचाही वाटा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निझामाच्या राजवटीत होता आणि शाळेत व कचेरीत उर्दू चाले. त्यामुळे राजेंद्र कृष्ण यांच्यासारख्या गीतकाराचे उर्दू वळणाचे शब्द इथल्या त्या पिढीला मुळातून उमगत, आणि शब्द कळणाऱ्याला चालीने कोणत्या अक्षरावर जोर दिला आहे हेही कळते. पुण्या-मुंबईच्या अनेक मराठी घरांत जे केवळ सुरेल वाटत होते, ते छत्रपती संभाजीनगर, परभणी किंवा नांदेडच्या त्या पिढीला अर्थासकट पोचत होते. त्याच सुमारास, १९५२ मध्ये, बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळपास दार बंद केले, आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू होईपर्यंत ही गाणी ऐकण्यासाठी लोकांनी रेडिओ सिलोन लावला. सरकारी दार बंद असूनही ‘अलबेला’, ‘अनारकली’ आणि ‘आझाद’ गावोगावी पोचले.

त्यांनी परदेशी संगीताची नक्कल केली का?

सी. रामचंद्रांवर हा आक्षेप त्यांच्या हयातीपासून घेतला जात आला आहे. अमेरिकेचे क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या संगीताचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि तो त्यांच्या गाण्यांत उघड ऐकू येतो. गुडमन यांच्या संगीतप्रकाराला ‘स्विंग’ म्हणतात. आपल्या आठ मात्रांच्या केरव्यात मात्रेचे दोन भाग सारखे पडतात, तर स्विंगमध्ये पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड पडतो, त्यामुळे लय झोका घेतल्यासारखी पुढे सरकते आणि पाय आपोआप हलू लागतो. १९४७ च्या ‘शहनाई’तील ‘आना मेरी जान संडे के संडे’पासून ही लय त्यांच्या कामात ठळक दिसते, आणि १९५७ च्या ‘आशा’मधील ‘ईना मीना डीका’मध्ये ती धावू लागते.

आता ‘अलबेला’ घ्या. १९५१ च्या या एकाच चित्रपटात ‘शोला जो भडके’ आहे, ज्यात बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन एकत्र वाजतात. आणि ‘धीरे से आजा री’ ही पिलू रागावर बेतलेली अंगाईही आहे. लय, वाद्ये किंवा ढंग बाहेरून घेणे आणि चाल उचलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘शोला जो भडके’ची वाद्ये परदेशी असली, तरी तो मुखडा हार्मोनियमवर वाजवून पाहिला तर तो आपल्याकडच्या गळ्यासाठीच बांधलेला आहे हे लगेच कळते. मात्र काही ठिकाणी चालही सरळ बाहेरून आलेली आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. १९७० च्या ‘घरकुल’ या मराठी चित्रपटातील ‘नंबर फिफ्टी फोर’ हे गाणे एका इंग्रजी गाण्यावरून घेतलेले आहे. पण त्याच ‘घरकुल’मध्ये सुरेश भट यांच्या शब्दांची ‘मलमली तारुण्य माझे’ ही आशा भोसले यांनी गायलेली रचना आहे, आणि तिच्यातला संथ, रेंगाळणारा विस्तार कोणाच्याही उसनवारीवर उभा नाही. एका उसन्या गाण्यावरून साऱ्या कारकिर्दीचा निवाडा करणे अन्यायाचे ठरेल, असे मला मनापासून वाटते.

काम खरे तर अरेंजरचे होते, असे म्हणतात, ते किती खरे?

यात तथ्य आहे, आणि ते दीर्घकाळ दडपले गेले. मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांचा कणा गोव्याचे वादक होते, कारण पाश्चात्य स्वरलेखन वाचणे आणि अनेक वाद्यांसाठी वेगवेगळे भाग लिहिणे त्यांना येत असे. अँटोनिओ झेवियर वाझ, ज्यांना सारी मुंबई ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखे, हे नामांकित ट्रम्पेटवादक सी. रामचंद्रांचे सहायक होते, आणि ‘अलबेला’त ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. ‘ईना मीना डीका’ची जन्मकथाही अशीच सांगतात, की बाहेर खेळणाऱ्या मुलांच्या इंग्रजी बडबडगीतावरून ओळ सुचली आणि गोव्याच्या सहायकाने तिला ‘माका नाका’ ही कोकणी शेपटी जोडली.

तरीही चाल आणि संयोजन यांतला फरक इथे उपयोगी पडतो. अरेंजर बदलला तर गाण्याचा पोशाख बदलतो, पण चाल बदलली तर गाणेच दुसरे होते. लातूरच्या बँजो पार्टीकडे ना ओबो असतो ना सॅक्सोफोनचा ताफा, तरीही ती ‘शोला जो भडके’ वाजवते आणि लोक नाचतात; म्हणजेच मूळ संयोजन पूर्ण गळून पडल्यावरही काहीतरी टिकते. त्या वादकांची नावे श्रेयनामावलीत यायला हवी होती हे निर्विवाद आहे. त्यासाठी संगीतकाराचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही.

‘ऐ मेरे वतन के लोगों’: मोठे शब्द की मोठी चाल?

२७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये, चीनशी झालेल्या युद्धाची जखम ताजी असताना, लता मंगेशकरांनी पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत हे गाणे प्रथम गायले. शब्द कवी प्रदीप यांचे आणि चाल सी. रामचंद्रांची. प्रसंगच एवढा भारलेला होता की कोणत्याही चालीने लोक रडले असते, असा युक्तिवाद कोणी करू शकेल. पण प्रसंग सरला, ते श्रोते गेले, युद्धाची आठवण नसलेल्या पिढ्या आल्या, आणि आजही १५ ऑगस्ट, २६ जानेवारी किंवा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी आपल्या जिल्हा परिषद शाळांच्या पटांगणावर हे गाणे लागते. त्याचे श्रेय केवळ त्या संध्याकाळला देता येणार नाही.

या चालीचे बांधकाम लक्ष देऊन ऐकावे. आरंभीच्या ओळी तालाशिवाय, जवळजवळ बोलल्यासारख्या येतात, आणि त्यामुळे ऐकणारा आधी स्तब्ध होतो. ताल त्यानंतर सुरू होतो, तोही संथ. मुखड्यात अवघड हरकती किंवा ताना नाहीत; पाचवीतल्या मुलीलाही तो थोड्या सरावाने गाता येतो. अंतऱ्यांत मात्र स्वर टप्प्याटप्प्याने चढत जातात आणि तिथून पुन्हा त्याच साध्या ओळीवर उतरतात. वीरगीत म्हटले की ढोल-ताशा आणि चढा आवाज सुचणे स्वाभाविक होते. सी. रामचंद्रांनी शोकाची वाट निवडली, हा निर्णय चालीचा होता आणि तोच या गाण्याच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण आहे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडची भजनी मंडळे लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चालींवर गवळणी आणि अभंग बसवतात, त्याबद्दल काही जाणकार नाराजी व्यक्त करतात. मला त्यात चालीच्या ताकदीचा पुरावा दिसतो. शब्द पूर्ण बदलले, भाषा बदलली, वाद्यांच्या जागी पखवाज आणि टाळ आले, आणि तरीही रचना उभी राहते. पैठणच्या नाथांच्या भारुडांनी लोकांच्या ओठांवरच्या बोलीतूनच परमार्थ सांगितला होता. लोकांना ठाऊक असलेल्या सुरातून भक्ती सांगणे त्या परंपरेला परके नाही. स्वतः सी. रामचंद्रांनीही ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीत गोपाल’ला चाली देऊन या दालनात मोठे काम केले आहे.

कायद्याच्या दृष्टीने चाल कोणाची?

इथे मुद्दा थोडा किचकट होतो, पण वारशाचा खरा प्रश्न हाच आहे. एका गाण्यात कायद्याला किमान तीन वेगवेगळ्या मालमत्ता दिसतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणून ‘अनारकली’च्या मूळ मुद्रणावरचा हक्क २०१३ अखेर संपला, पण तिच्यातल्या सी. रामचंद्रांच्या चाली २०४२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. ‘मुद्रण मोकळे झाले’ म्हणजे ‘गाणे मोकळे झाले’ असे समजणारे इथेच फसतात.

संरक्षित असणे म्हणजे संगीतकाराला पैसे मिळणे असेही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘संगीतकृती’ची मूळ व्याख्या छापील किंवा लिहिलेल्या स्वररचनेपुरती होती. ज्या देशात चाल तोंडी बांधली जाते आणि तोंडीच शिकवली जाते, तिथे ही अट विचित्र होती आणि ती १९९४ मध्ये काढली गेली. त्याआधी १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन चाल करून घेणारा निर्माता हाच तिचा पहिला मालक ठरतो. सी. रामचंद्रांच्या पिढीचे बहुतेक काम याच चौकटीत झाले. २०१२ च्या दुरुस्तीने नियम बदलला: चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या उत्पन्नातला आपला समान वाटा गीतकार आणि संगीतकार यांना आता करारानेही निर्मात्याला देऊन टाकता येत नाही. ही दुरुस्ती त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी आली. ‘ऐ मेरे वतन के लोगों’च्या बाबतीत प्रदीप यांनी आपले स्वामित्वधन (रॉयल्टी) युद्धविधवांच्या निधीला देऊ केले होते, आणि त्या निधीत दहा लाख रुपये भरण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रिका कंपनीला २००५ मध्ये दिला, एका गाण्याचे पैसे योग्य ठिकाणी पोचायला चार दशकांहून अधिक काळ लागला.

आपल्या बँडवाल्यांना भेडसावणारा प्रश्नही यातच येतो. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत गाणे वाजवण्यास कायद्याने सूट दिलेली आहे. तिकीट लावून केलेल्या ऑर्केस्ट्राला मात्र ती लागू नाही. तिथे परवाना घ्यावा लागतो. संगणकाने निर्माण केलेल्या संगीताबद्दल कायदा म्हणतो की ती कृती ज्याने निर्माण करवली तो तिचा कर्ता. ही तरतूदही १९९४ ची असल्याने आजची साधने तिच्यात कशी बसवायची, हे अजून न्यायालयांनी पक्के ठरवलेले नाही.

पैशाचा हक्क विकला गेला तरी एक हक्क कर्त्याकडेच राहतो, आणि तो म्हणजे ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा. कायद्याच्या ५७ व्या कलमात तो दिलेला आहे, आणि कर्त्याच्या पश्चात त्याचे कायदेशीर प्रतिनिधी तो बजावू शकतात. जिल्ह्याच्या गावी होणाऱ्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत निवेदक नायिकेचे नाव सांगतात, गायिकेचे सांगतात, कधी गीतकाराचेही सांगतात आणि पुष्कळदा तिथेच थांबतात. ‘जाग दर्द-ए-इश्क जाग’ सुरू होण्याआधी ‘संगीत सी. रामचंद्र’ एवढे तीन शब्द उच्चारायला परवाना लागत नाही.